पुनर्विकासात ‘ग्रीन बिल्डिंग’: करारनाम्यात नेमकं काय लिहून घ्यायचं?

कोथरूड_सचिव

कोथरूडमधली आमची २४ फ्लॅटची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. भूखंड १,५०० चौ. मी., समोर १२ मीटरचा रस्ता. बिल्डरच्या प्रस्तावात पार्किंगवर १२ मजले, ५६ फ्लॅट आणि पानभर ‘ग्रीन’ गोष्टी आहेत: सोलर, रेन वॉटर हार्वेस्टिंग, ईव्ही चार्जिंग, गोल्ड रेटिंग. किलोवॅट, लिटर, मिलिमीटर यांपैकी एकही आकडा मात्र कुठे नाही. मसुदा वकिलांकडे जाण्याआधी एवढं हवंय:

१. यातलं नियमाने सक्तीचं काय आणि बिल्डर स्वतःच्या फायद्यासाठी करतोय ते काय?
२. गच्ची एकच, साधारण ४५० चौ. मी. त्यावर पाणी तापवणारा सोलर की वीज बनवणारा?
३. मिळकतकरात सवलत खरोखर किती?
४. इमारत उभी राहिल्यावर बदलताच येणार नाहीत अशा गोष्टी कोणत्या?

‘चांगला बिल्डर निवडा’ हा सल्ला सोडून बाकी सगळं चालेल.

---

नकाशावाला

गोल्ड रेटिंगपासून सुरू करतो, कारण सभेत टाळ्या त्यालाच पडतात.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) ग्रीन रेटिंगसाठी जादा एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो निर्देशांक) आहे. ‘गृहा’ या रेटिंगचे ३ तारे किंवा आयजीबीसी या दुसऱ्या रेटिंगचं सिल्व्हर असेल तर ३ टक्के, ४ तारे किंवा गोल्डला ५ टक्के, ५ तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. हे टक्के मूळ एफएसआयवर मोजतात, पैसे भरून (प्रीमियम) किंवा दुसऱ्या जागेचे विकास हक्क आणून (टीडीआर) मिळणाऱ्या एफएसआयवर नाही. तुमच्या भूखंडावर मूळ एफएसआय १.१० धरला तर १,५०० × १.१० = १,६५० चौ. मी. त्याचे ५ टक्के ८२.५ चौ. मी., म्हणजे सुमारे ८८८ चौ. फूट. कोथरूडच्या भावाने एवढं बांधकाम विकून काय येतं हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा गोल्ड ही तुम्हाला दिलेली भेट नाही. तो जागेच्या हिशेबाचा भाग आहे, आणि वाटाघाटीत तुमच्या बाजूने तसाच मांडा.

दुसरी मेख: एफएसआय मिळतो तो बांधकामाआधीच्या प्री-सर्टिफिकेशनवर. अंतिम भोगवट्याच्या (इमारत वापरण्याच्या परवानगीच्या) वेळी कबूल केलेलं रेटिंग आलं नाही, तर न मिळालेल्या रेटिंगपुरत्या जादा एफएसआयवर रेडी रेकनरच्या जमीनदराच्या दुप्पट दंड आहे. पण तो दंड महापालिकेकडे जातो, सोसायटीच्या हाती काही येत नाही. म्हणून करारात वेगळं कलम हवं: अंतिम रेटिंग प्रमाणपत्र मिळेपर्यंत अमुक रक्कम बँक गॅरंटीत अडकलेली राहील, प्री-सर्टिफिकेट चालणार नाही.

आणि रेटिंग म्हणजे गुणांची बेरीज. कमी धारेचे नळ, सायकल स्टँड, देशी झाडं, कमी वासाचा रंग यांचेही गुण मिळतात. ते सगळं बरं आहे, पण त्याने तुमचं वीजबिल उतरेलच असं नाही. कोणत्या मुद्द्यांवर गुण घेणार त्याचा तक्ता कराराला परिशिष्ट म्हणून जोडा.

आता प्रश्न ४. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला हवा, कारण पॅनेल पाच वर्षांनीही बसतील, भिंती बदलणार नाहीत.

भिंत: १२ मजल्यांना बरेच बिल्डर मिवान शटरिंग (ॲल्युमिनियमचे साचे) वापरतात. त्यात बाहेरच्या भिंतीही साधारण १५०-१६० मिमी आरसीसीच्या होतात. काम झपाट्याने होतं, गळती कमी. पण अशा भिंतीतून उष्णता आत येण्याचा दर (यू-व्हॅल्यू) ३.५ वॅट प्रति चौ. मी. प्रति अंशाच्या आसपास असतो. २०० मिमी एएसी ब्लॉकच्या (हवेच्या बुडबुड्यांमुळे हलक्या काँक्रीट विटांच्या) भिंतीचा ०.७५ च्या आसपास. पश्चिमेच्या बेडरूमला हा फरक एप्रिलच्या रात्री ११ वाजता कळतो, कारण दिवसभर तापलेली आरसीसी भिंत तेव्हा आत उष्णता सोडत असते. मिवानच असेल तर निदान पश्चिम आणि दक्षिण भिंतींना बाहेरून इन्सुलेशन किंवा एएसीचा थर मागा. शिवाय आरसीसीत नंतर झिरी मारता येत नाही. एसीच्या ड्रेनचा पाइप, तांब्याची नळी, केबल यांचे स्लीव्ह (आरपार जाणाऱ्या नळ्या) शटरिंगमध्येच बसलेले हवेत.

खिडकी: पश्चिमेला ६०० मिमीचा छज्जा नकाशात छान दिसतो. एप्रिलच्या मध्यावर दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ३१ अंशांवर असतो, तेव्हा त्या छज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम ३७ सेंमी उतरते. १.२ मीटरच्या खिडकीचा दोन तृतीयांश भाग उन्हातच. पश्चिमेला उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून सरकणारी जाळीदार झडप हवी. दक्षिणेला मात्र तोच छज्जा उत्तम चालतो.

छत: ब्रिकबॅट कोब्याखाली (गच्चीवरच्या वीट-तुकड्यांच्या थराखाली) किंवा वर ५० मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक फोमचा) बोर्ड. नुसता स्लॅब आणि कोबा यांचा यू-व्हॅल्यू २.५ च्या वर असतो, बोर्डाने तो ०.६ च्या आत येतो. १२ व्या मजल्यावर जुने सभासद जाणार असतील तर हे कलम स्वतःहून मागतील.

आकडा कुठून आणायचा? इको निवास संहिता २०१८ (घरांसाठीची केंद्राची ऊर्जाबचत संहिता) मध्ये तयार आहे: छताचा यू-व्हॅल्यू कमाल १.२, आणि भिंती-खिडक्या मिळून आरईटीव्ही (त्यांतून आत येणारी सरासरी उष्णता) कमाल १५ वॅट प्रति चौ. मी. करारात ‘आरईटीव्ही १५ पेक्षा कमी, गणनेची शीट मंजूर नकाशासोबत देणे’ एवढी एक ओळ घाला. ज्याने ‘ग्रीन’ लिहिलं आहे त्याच्या आर्किटेक्टला ही शीट बनवायला जड जाऊ नये.

---

तीन_फेज

गच्चीच्या विजेबद्दल.

सगळ्यात स्वस्त सुधारणा आत्ताच करता येते: पाण्याची टाकी आणि लिफ्टची मशीनरूम गच्चीच्या उत्तर कडेला न्यायला सांगा. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस सकाळी साडेनऊच्या आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास सावली वस्तूच्या उंचीच्या पावणेदोन पट लांब पडते, तीही अनुक्रमे वायव्येला आणि ईशान्येला. ४.५ मीटर उंच टाकी दक्षिणेला ठेवली तर आठ मीटरपर्यंत सावलीचा पट्टा दिवसभर गच्चीवर फिरत राहतो. एका स्ट्रिंगमधल्या (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलांच्या माळेतल्या) दोन पॅनेलांवर सावली आली तरी बाकीच्यांचं उत्पादन घसरू शकतं.

जागा: १ किलोवॅटला चालण्याच्या वाटेसकट ९-१० चौ. मी. धरा. ४५० मधून टाक्या, जिना, अग्निशमनासाठी मोकळी वाट वजा जाता २५० उरतील. म्हणजे २५ किलोवॅट ही कमाल मर्यादा.

गरज: पुण्यात १ किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. मार्च-एप्रिलला भरपूर, जुलै-ऑगस्टला त्याच्या निम्म्या-पाऊणपट. सामायिक मीटरचा खप काढायला तुमच्याच उंचीच्या शेजारच्या इमारतीची मागची १२ बिलं मागून घ्या. पंपाचा हिशेब मात्र कागदावर होतो: २५० माणसं × १३५ लिटर = रोज ३४,००० लिटर, ५० मीटर उंची, पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर दिवसाला १० युनिट. लिफ्ट, दिवे, कॅमेरे धरून समजा ६० युनिट झाले, तर वर्षाचे २१,९००. भागिले १,४००, म्हणजे १६ किलोवॅट पुरे. उरलेली जागा ईव्हीसाठी राखा. ‘गच्ची आहे म्हणून २५ लावू’ असं करू नका. नेट मीटरिंगमध्ये (तुम्ही ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते ती पद्धत) ३१ मार्चला उरलेले युनिट महावितरण घेतं, पण तुम्ही वाचवलेल्या युनिटच्या भावाने नाही. सामायिक मीटरचा महिन्याचा खप ५०० युनिटांच्या पुष्कळ वर असतो, त्यामुळे सोलरची बहुतेक युनिटं सगळ्यात महागड्या स्लॅबमधून कापली जातात. खरी बचत तिथे आहे. स्थिर आकार मात्र तसाच राहतो.

दोन अटी लक्षात ठेवा. प्लांटची क्षमता त्या मीटरच्या मंजूर भारापेक्षा जास्त नको. आणि १० किलोवॅटच्या वर तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागते.

अनुदान: पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. १६ किलोवॅटला २,८८,००० होतात. पण अर्ज ग्राहक क्रमांकावर राष्ट्रीय पोर्टलवरून होतो, व्हेंडर नोंदणीकृत आणि पॅनेल डीसीआर म्हणजे सेलसकट देशी बनावटीचं लागतं. मीटर बिल्डरच्या नावावर असताना त्याने आधीच पॅनेल ठोकली तर हे अनुदान विसरा.

म्हणून माझं मत: बिल्डरकडून पॅनेल घेऊ नका, तयारी घ्या. यादी अशी:

– गच्चीच्या स्लॅबमधूनच सळया काढून ओतलेले ३०० × ३०० मिमीचे काँक्रीट ठोकळे, वर बोल्ट बसवलेले. वॉटरप्रूफिंग त्यानंतर, ठोकळ्याच्या पायाशी गोलाई देऊन वर चढवलेलं. नंतर येणारा व्हेंडर कोब्यात ड्रिल मारतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात १२ वा मजला गळतो. सोलरबद्दलची सर्वाधिक भांडणं याच भोकांवरून होतात.
– स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये पॅनेलचं वजन आणि पुण्याचा ३९ मीटर प्रति सेकंद मूलभूत वाऱ्याचा वेग धरल्याचा उल्लेख.
– गच्ची ते मीटररूम मोकळा डक्ट. १६ किलोवॅट तीन फेजला साधारण २३ अँपिअर. ६० मीटर अंतराला १० चौ. मिमी तांब्याची केबल धरा. बारीक केबल टाकली की भर दुपारी इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज चढतं आणि तो ट्रिप होतो. मग सगळे पॅनेलला शिव्या देतात.
– तीन स्वतंत्र अर्थिंग: डीसी (पॅनेलची बाजू), एसी (इन्व्हर्टरनंतरची बाजू), आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक.
– गच्चीवर धुण्यासाठी दोन नळ. आणि पॅनेलखाली कबुतरं घरटी करतात, तेव्हा कडेने जाळीची सोय.

---

नकाशावाला

@तीन_फेज, तयारीची यादी झकास. ‘पॅनेल घेऊ नका’ याला मात्र हरकत. बिल्डरने रेटिंगच्या तक्त्यात सोलरचे गुण धरले असतील तर भोगवट्याआधी पॅनेल प्रत्यक्ष लागतील. सोलरची नियमावलीतली सक्ती भूखंड आणि वापराप्रमाणे बदलते, ती या भूखंडाला लागू आहे की नाही हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या. लागू असेल तर पॅनेल टाळता येत नाहीत, मग किलोवॅट, डीसीआर, हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर आणि सोसायटीच्या नावावरची वॉरंटी लिहून घेणं हाच मार्ग.

---

तीन_फेज

मान्य. लागू असेल तेवढी किमान क्षमता बिल्डरची, बाकीची सोसायटीची. दोन्हींना इन्व्हर्टर वेगळे ठेवा, म्हणजे वॉरंटीची टोलवाटोलवी होणार नाही. आणि पॅनेलच्या वायरींचे कनेक्टर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे जोडू देऊ नका, दोन्हींवर ‘एमसी४’ हा प्रकार लिहिलेला असला तरी. सांधा सैल बसतो, तापतो, वितळतो.

---

नळजोड

प्रश्न २. १२ मजल्यांना सामायिक सोलर वॉटर हीटर घेऊ नका. तीन-चार मजल्यांच्या इमारतीत ती अत्यंत चांगली गोष्ट आहे. उंच इमारतीत का फसते ते सांगतो.

जागा: फ्लॅटमागे रोज १०० लिटर, त्याला सुमारे २ चौ. मी. कलेक्टर. ५६ फ्लॅटना ११२ चौ. मी. आणि ५,६०० लिटरच्या टाक्या. म्हणजे विजेच्या पॅनेलची जवळपास निम्मी जागा गेली.

पाइप: गच्चीपासून पहिल्या मजल्यापर्यंत ४० मीटर. आतून २५ मिमी व्यासाच्या पाइपमध्ये मीटरमागे जवळपास अर्धा लिटर पाणी मावतं. म्हणजे सकाळी पहिला नळ उघडणारा २० लिटर गार पाणी सोडून देणार. यावर उपाय म्हणजे परतीच्या लाइनसह रिंग, टायमरवरचा छोटा पंप आणि पूर्ण लाइनला इन्सुलेशन. कोटेशन कमी करताना सगळ्यात आधी परतीची लाइनच उडवतात.

टँकर आणि बोअरचं जड पाणी: ट्यूबच्या आत क्षार बसतात, दोन-तीन वर्षांत पाणी कोमट होऊ लागतं. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड वेळेवर बदलला नाही तर टाकीच गंजते.

मग काय? १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला ४.१ युनिट लागतात. हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) तेच काम साधारण तृतीयांश विजेत करतो, १.३-१.४ युनिटमध्ये. तो फ्लॅटच्या युटिलिटी बाल्कनीत बसतो. फक्त जागा, ड्रेन आणि बाथरूमपर्यंत इन्सुलेटेड गरम लाइन आधीच हवी. ज्यांना हीट पंप नको ते त्याच लाइनवर गीझर लावतील.

---

कोथरूड_सचिव

धन्यवाद. वॉटर हीटर सभेत आग्रहाने मागणारे चार जण आहेत. एक उपप्रश्न: शेजारच्या सोसायटीत सोलरच्या गरम लाइनला अधूनमधून गारच पाणी येतं, टाकी गरम असूनही. कारण?

---

नळजोड

दहातल्या आठ वेळा प्रेशर पंप आणि सिंगल लिव्हर मिक्सर. वरच्या मजल्यांना दाब कमी म्हणून फक्त गार लाइनवर प्रेशर पंप बसवतात. गरम लाइन टाकीच्या उंचीवरच चालते. कुणाच्या तरी बाथरूममध्ये मिक्सर उघडा असतो आणि पुढे हँडशॉवरचं बटण बंद केलेलं असतं. जास्त दाबाचं गार पाणी त्या मिक्सरमधून गरम लाइनमध्ये उलटं शिरतं आणि खालच्या तीन फ्लॅटना गार पाणी येतं. उपाय: प्रत्येक फ्लॅटच्या गरम आणि गार दोन्ही जोडण्यांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि पंप दोन्ही लाइनवर समान दाबाचा. सापडवायला एकेका फ्लॅटचा गरम व्हॉल्व्ह बंद करत जायचं. ज्याचा बंद केल्यावर बाकीच्यांना गरम येतं, तो दोषी.

---

भूजल

रेन वॉटर हार्वेस्टिंग ५०० चौ. मी. आणि त्यावरच्या भूखंडांवरील नव्या बांधकामाला सक्तीचं आहे, तुम्ही त्यात आलात. न केल्यास किंवा न राखल्यास दर १०० चौ. मी. बांधकामामागे वर्षाला १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणजे ‘आम्ही देतोय’ हे वाक्य प्रस्तावातून काढायला लावा.

अपेक्षाही बेताच्या ठेवा. ४५० चौ. मी. गच्ची × ०.७ मीटर पाऊस × ०.८ = २५२ घन मीटर, अडीच लाख लिटर. तुमचा रोजचा खप ३४,००० लिटर. वर्षाच्या पावसात आठवडाभराचं पाणी! तरी १०,००० लिटरचे २५ टँकर म्हटलं की सभेला पटतं.

खड्डा कुठे, हा खरा प्रश्न आहे. पुण्याखाली बेसॉल्ट आहे. मुरूम आणि भेगाळलेला खडक असेल तिथे पाणी मुरतं, एकसंध काळ्या पाषाणात खड्डा हौदासारखा भरून राहतो आणि बेसमेंटच्या भिंतीतून पाझरतो. पायाच्या खोदकामाआधी घेतलेल्या बोअर लॉगची प्रत मागा, त्यात थर लिहिलेले असतात. बोअरमध्ये थेट सोडायचं असेल तर फक्त गच्चीचं पाणी, तेही पहिले २ मिमी वगळून. तुमच्या गच्चीला ते ९०० लिटर होतात, त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह. पार्किंगचं तेलकट पाणी बोअरजवळ आणायचं नाही, ड्रेनेज चेंबरपासूनही लांब.

नेहमीचा प्रकार असा: भोगवट्याच्या तपासणीला खड्डा दिसतो, नंतर त्यावर पेव्हर ब्लॉक बसतात, आणि तीन वर्षांनी गाळणी साफ करायची म्हटलं की झाकणच सापडत नाही. ६०० मिमीचं उघडणारं झाकण, नकाशावर खूण, आणि दरवर्षी मे महिन्यात वाळू-खडी धुणे, हे हस्तांतरणाच्या कागदात हवं.

---

ठरावबुक

मिळकतकर. सोलर, गांडूळखत आणि रेन वॉटर हार्वेस्टिंग यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. ही सवलत सर्वसाधारण करावर आहे, पूर्ण बिलावर नाही. सफाईपट्टी, पथकर, शिक्षणकर हे रकाने तसेच राहतात. समजा एका फ्लॅटचा सर्वसाधारण कर ९,००० रुपये असेल तर १० टक्क्यांनी ९०० सुटतात. प्रकल्प बंद आढळला तर सवलत जाते, म्हणून गाळणी धुतल्याचे फोटो आणि सोलरचं महिन्याचं उत्पादन नोंदवून ठेवा. स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्क्यांची सवलत, पीटी-३ अर्जाची, हे वेगळं प्रकरण. सभेत दोन्हींची खिचडी होते. नव्या इमारतीची नव्याने आकारणी झाल्यावर दोन्ही स्वतंत्रपणे तपासून घ्या.

करारात या चार गोष्टी राहून जातात:

– सामायिक मीटर सोसायटीच्या नावावर किती दिवसांत होईल. यावर अनुदान आणि नेट मीटरिंग दोन्ही अडतं.
– गच्चीचा हक्क. वरच्या फ्लॅटला ‘लगतची गच्ची’ विकली की पॅनेलची जागा गेली. ‘संपूर्ण टॉप टेरेस सामायिक, कोणताही भाग विकला जाणार नाही’ असं स्पष्ट लिहा.
– रेराच्या (स्थावर मालमत्ता कायद्याच्या) कलम १४(३) मधला ५ वर्षांचा दोषदायित्व कालावधी (बांधकामातले दोष बिल्डरने दुरुस्त करण्याची मुदत) जुन्या सभासदांच्या फ्लॅटना आणि सोलर, पंप, हार्वेस्टिंगला लागू असल्याचं शब्दशः. नंतर ‘तुम्ही खरेदीदार नाही’ हा वाद नको.
– हस्तांतरणाची कागदपत्रं: सिंगल लाइन डायग्राम (विजेच्या जोडणीचा आराखडा), पाइपचे प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे, इन्व्हर्टरच्या ॲपचा पासवर्ड. शेवटचं हास्यास्पद वाटेल, पण लॉगिन व्हेंडरच्याच ईमेलवर राहतं आणि प्लांट बंद पडल्याचं दोन महिने कुणाला कळत नाही.

तुमची नोंदणी सहकारी संस्था म्हणून असेल तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालची पुनर्विकासाची प्रक्रिया आहेच. वरचा तांत्रिक तक्ता निविदेच्या टप्प्यावरच जोडा. बिल्डर निवडून झाल्यावर मागितलं की प्रत्येक ओळीचे वेगळे पैसे.

---

कोथरूड_सचिव

सगळं परिशिष्टात टाकतोय. ईव्हीबद्दल कुणीच बोललं नाही. प्रस्तावात ‘ईव्ही चार्जिंग पॉइंट’ एवढंच आहे.

---

तीन_फेज

म्हणजे गेटजवळ एक सॉकेट देणार. ५६ गाड्या ३.३ किलोवॅटने एकदम लागल्या तर १८५ किलोवॅट. एवढा भार आत्ता मंजूर करून घेण्यात अर्थ नाही, स्थिर आकार भरत बसाल. भार वाटून देणाऱ्या यंत्रणेने त्याच्या पाव भागात रात्रभरात काम होतं. बिल्डरकडून मागायचं ते एवढंच: मीटररूमपासून प्रत्येक पार्किंगपर्यंत केबल ट्रे, विजेच्या पॅनेलमध्ये रिकामे फीडर (पुढच्या जोडण्यांसाठी जागा), मीटररूममध्ये जादा मीटरांसाठी मोकळी भिंत. आणि महावितरणला ट्रान्सफॉर्मरसाठी लागणारी जागा पुढचा भार धरून आत्ताच नकाशात दाखवा. नाहीतर ती पुढे पाहुण्यांच्या पार्किंगमधून जाते.